आधी चूल, मग तक्रार

गेम खेळणाऱ्यांच्या ग्रुपवरचा पहिला नियम भिंगमावशींनी केला आणि तो रागाच्या भरात केला. एक नवा माणूस आला, ना नमस्कार ना ओळखपाळख, आणि थेट लिहून मोकळा झाला, "गेम सारखा बंद पडतोय. इथे कोणाला काही कळतं का?" मावशींनी लिहिलं, "कळतं. पण आधी सांगा, जेवलात का?" माणूस ओशाळला. दुपार कलली होती आणि तो सकाळपासून कॉम्प्युटरशी झटापट करत उपाशीपोटी बसला होता. मावशींनी त्याला आधी दोन बटाटे उकडायला लावले, मग गेम चालू करून दिला. त्या दिवसापासून त्याचं नाव उपाशी पडलं आणि नियमही पडला: आधी चूल, मग तक्रार. पहिल्या ओळीत आज घरात काय शिजलं ते सांगायचं, गेमचं रडगाणं त्याच्या खाली.

गेम तसा जुना. एक गाव वसवायचं, शेतं पेरायची, हिवाळ्याआधी कोठार भरायचं. कोठार रिकामं राहिलं तर माणसं बोचकी बांधून गाव सोडून जातात. ज्या कंपनीने तो बनवला तिने कधीच गाशा गुंडाळला होता, त्यामुळे बिघाड झाला की विचारणार कोणाला, तर एकमेकांना. ग्रुपवर दीडशे माणसं, त्यातली तीसेक बोलणारी. खरी नावं कोणी कोणाला विचारली नाहीत. पण कोणाच्या घरी पहिला भोपळा कधी भाजला, कोणी उन्हाळ्यात टोमॅटोच्या बाटल्या भरून ठेवल्या आणि कोणाची बाटली फुटून फडताळ लाल झालं, हे सगळ्यांना तोंडपाठ. पूल बांधला की स्क्रीन काळी होते, ही तक्रार एक जण दर वर्षी मुळ्याच्या दिवसांत घेऊन यायचा. मुळे निघाले की लोक त्याची वाट बघायचे.

नियमाला एक पोटनियम होता. घरात काहीच शिजलं नसेल तर लाजायचं नाही, दोनच शब्द लिहायचे: चूल थंड. मग गेम गेला चुलीत. बाकीच्यांनी विचारायचं, "घरात काय आहे?" जे असेल त्यातूनच काहीतरी शिजवायला सांगायचं. अमुक घेऊन या, तमुक घेऊन या, असं म्हणायला बंदी. ज्याची चूल थंड आहे तो माणूस बाजारात जाण्याच्या अवस्थेत नसतो, असं मावशींचं म्हणणं. एक शिंपीकाका होते. त्यांची बायको हा गेम खेळायची. ती गेल्यावर तिचं गाव उघडता येईना म्हणून ते ग्रुपवर आले होते. नियम वाचून त्यांनी चूल थंड असं लिहिलं आणि मावशींनी सलग चार दिवस त्यांना चहाच्या पुढचा स्वयंपाक शिकवला. गाव पाचव्या दिवशी उघडून दिलं. त्यानंतर शिंपीकाका चार वर्षांत मोजून चार ओळी बोलले असतील, पण वाचायचे रोज.

मावशींचं काम चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत. एकतीस वर्षं. पुढे मालक गिऱ्हाइकाशी गोड बोलणार, मागे मावशी काचेवर शाईचे तीन ठिपके देऊन ती चाकावर धरणार, फ्रेमच्या आकाराला आणणार आणि खाचेत बसवणार. ठिपका केसभर सरकला तर माणसाला जिना वाकडा दिसतो. नजर अशी तयार झालेली, म्हणून ग्रुपवर कोणी बिघाडाचा फोटो टाकला की दहा जण तर्क लढवायचे आणि मावशी कोपऱ्यातला एक आकडा दाखवून म्हणायच्या, "हे वाचलंत का?" नाव भिंगमावशी पडलं ते त्यावरून.

घरी नवरा होता, गवंडी. बोलायला कमी आणि खायला तयार. कॉम्प्युटरपुढे बसलेल्या बायकोला येता-जाता विचारायचा, "काय, वसलं का गाव?" स्वयंपाकात त्याचं एकच काम होतं. तांदूळ आणि मसूर डब्यातून तो काढायचा, मुठीने. विटा उचलून उचलून पंजा फावड्याएवढा झालेला. त्याच्या दोन मुठी तांदूळ आणि एक मूठ मसूर म्हणजे दोघांचं पोटभर आणि सकाळी थोडं उरणार. पस्तीस वर्षांत मावशींनी डब्यात हात घातला नव्हता. वाटी, माप असलं काही त्या घरात नव्हतंच. ग्रुपवरच्या त्यांच्या ओळीत तो कायम असायचा. "भोपळ्याचं सूप. ह्यांना मीठ कमी वाटलं." "भाजलेली वांगी. ह्यांनी दोनदा घेतलं." लोक तक्रारीत विचारायचे, "आज काका काय म्हणाले?"

पानगळ सुरू झाली तेव्हा एका सकाळी काका बूट घालायला खाली वाकले आणि पुन्हा उठले नाहीत.

मुलगी दूरच्या शहरातून आली, पंधरा दिवस राहिली, गेली. मावशींनी ग्रुपवर एवढंच लिहिलं होतं की बाहेरगावी आहे. मुलगी गेल्यावर ग्रुपवर पुन्हा पहिली ओळ लिहायची वेळ आली. घरात काही शिजलं नव्हतं. शेजारणीने दिलेली भाकरी होती. चूल थंड लिहायला बोटं गेली आणि थांबली. ते दोन शब्द लिहिले की लोक विचारणार काय झालं, मग सांगावं लागणार, आणि सांगितलं की काका तिथूनही जाणार. मावशींनी बोट सरकवत सरकवत मागच्या वर्षीची तीच तारीख काढली. तिथे त्यांचीच ओळ होती: "मशरूम परतून, लसूण भरपूर. हे म्हणाले वास जिन्यापर्यंत आला." त्यांनी ती उचलली आणि आजच्या जागी ठेवली. खाली लगेच कोणीतरी हसलं. काका अजून जेवत होते.

मग ते रोजचंच झालं. मागच्या वर्षी त्या तारखेला जे शिजलं होतं तेच यंदा शिजायचं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही म्हणतात. जेवणाचं मात्र छान आणता येतं, निदान पोटाला कळेपर्यंत. मावशी चहा प्यायच्या, बिस्किटं खायच्या, कधी पाव. मुलगी रविवारी फोनवर विचारायची, "आई, जेवलीस का?" "हो बाई, आताच." दुसऱ्यांना पहिला प्रश्न जेवलात का म्हणून विचारणारी ही बाई. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पाच महिने हे चाललं. ब्लाउजच्या बाह्या ढगळ झाल्या, अंगठी बोटात फिरायला लागली. आणि हिवाळा सरता सरता दुकानात जे एकतीस वर्षांत झालं नव्हतं ते झालं. ठिपके देताना डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि मावशींनी तिरक्या ठिपक्यांची काच तशीच बसवली. गिऱ्हाईक म्हातारी बाई होती. दोन दिवसांनी ती गुडघ्याला पट्टी बांधून परत आली. पायरी जिथे दिसली तिथे नव्हती, म्हणाली. तिने तक्रारही धड केली नाही, आपलेच डोळे उतरले असतील असं समजून चालली होती. मावशींनी काच यंत्राखाली धरली आणि त्यांना आपली चूक दिसली.

मालक चांगला माणूस. आवाज न चढवता म्हणाला, "मावशी, काही दिवस घरी राहा. नीट खाऊनपिऊन या. नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल हो." मावशींनी मान हलवली. काच त्यांनी नवी करून दिली, तीन वेळा तपासून, आणि बाईच्या पट्टीकडे न बघता तिच्या हातात ठेवली. लाज फार वाटली.

त्याच आठवड्यात ग्रुपवरच्या भाजीवाल्याची तक्रार आली. बाजारात गाळा असलेला, पहाटे माल उतरवून दुपारी खेळणारा गडी. त्याने लिहिलं, "चुलीवर कांद्याची पात. तक्रार अशी की माझ्या गावात हिवाळा संपतच नाही. सत्तर दिवस झाले. कोठार संपलं, निम्मं गाव निघून गेलं." लोकांनी गेम पुसून पुन्हा घालायला सांगितलं. मावशींनी घरी बसल्या बसल्या त्याने टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. "तुमच्या कॉम्प्युटरची तारीख बघा. मागच्या वर्षीची आहे. आतल्या घड्याळाचा सेल मेलाय, म्हणून रोज सुरू केलं की तो त्याच दिवसावर जातो. गेमला वाटतं वेळ पुढे सरकलीच नाही. सेल बदला." वर, नियमाप्रमाणे, त्यांची पहिली ओळ होती: "मटारचं सूप, वरून पुदिना. शेंगा सोलताना ह्यांनी निम्मे दाणे कच्चेच खाल्ले."

दुसऱ्या दिवशी दुपारी भाजीवाल्याचा निरोप आला, ग्रुपवर नाही, एकट्या मावशींना.

"मावशी, सेल बदलला. गावात वसंत आला. उपकार झाले. आता एक बोलू का, रागवू नका. यंदा मटार आलेलाच नाही. कडाक्याच्या थंडीने फुलोरा जळाला. हंगाम सुरू होऊन तीन आठवडे झाले, माझ्याकडे एक शेंग नाही आणि अख्ख्या बाजारातही नाही. तुम्ही सोलल्या कुठल्या? मग मी मागे जाऊन बघितलं. मागच्या वर्षी ह्याच तारखेला तुम्ही हेच लिहिलं होतं, काकांच्या दाण्यांसकट. मी कोणाला बोललो नाही, बोलणारही नाही. फक्त विचारतो, तुमच्या घड्याळाचा सेल ठीक आहे ना?"

मावशींनी निरोप वाचला. पुन्हा वाचला. मग फोन पालथा घालून त्या पाच महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने रडल्या. रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. शेगडीवर चहाचं भांडं सोडून काही नव्हतं. भाजीवाल्यावर त्यांना राग आला होता, खोटं कशाला बोला. पण म्हातारीच्या गुडघ्यावरची पट्टीही डोळ्यांपुढून हलत नव्हती.

तो रविवार होता. ग्रुपवर दुपारी सगळ्यात जास्त माणसं असतात. मावशींनी लिहिलं:

"चूल थंड. पाच महिने थंडच आहे. हे गेले, पानगळीत. मी तुम्हाला जे लिहीत होते ते सगळं मागच्या वर्षीचं होतं. तक्रार काही नाही."

मावशींना वाटलं, संपलं. खोटं बोलणाऱ्या बाईशी कोण बोलेल? मग एक ओळ उगवली. उपाशीची होती.

"घरात काय आहे?"

त्याच्या खाली भाजीवाला: "घरात काय आहे, मावशी?" त्याच्या खाली मुळ्याच्या दिवसांत येणारा तो पूलवाला, दिवस मुळ्याचे नसताना. मग आणखी कोणी, आणखी कोणी. चाळीस-पन्नास माणसांनी तोच प्रश्न विचारला. जी माणसं कधीच बोलली नव्हती तीही बोलली. काकांबद्दल कोणी काही लिहिलं नाही. आधी चूल, हा नियमच होता, आणि तो मावशींनीच घालून दिलेला.

मावशी उठल्या. फडताळ उघडलं, डबे खाली काढले, परत येऊन लिहिलं. "तांदूळ आहेत. मसूर आहे, किडा नाही. कोंब आलेला एक कांदा. मीठ, तेल."

"झालं की मग," उपाशी म्हणाला. "कांदा चिरा, कोंबही टाका त्यात. तेलात लाल करा. तांदूळ-मसूर धुऊन त्यावर टाका, पाणी, मीठ, झाकण. मी इथेच आहे."

मावशींनी कांदा चिरला. हात सवयीने चालला. कढईत तेल तापलं, कांदा पडला, घरात पाच महिन्यांनी वास सुटला. तांदूळ-मसुरासाठी नेहमीचं मोठं पातेलं त्यांनी काढून ठेवलंच होतं. तांदळाच्या डब्याचं झाकण उघडलं आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. काचेचा केसभर फरक ओळखणाऱ्या बाईला कळेना की आता काढायचं किती. त्यांनी गॅस बारीक केला आणि ओल्या हाताने लिहिलं.

"तांदूळ कायम हेच काढायचे, मुठीने. दोघांच्या दोन मुठी. त्यांची मूठ मोठी होती. एका माणसाचे किती घेतात मला माहीत नाही."

उपाशी लिहायला लागला आणि थांबला. भाजीवाल्याचंही तेच. कांदा करपायला लागला तेव्हा ओळ आली. ती शिंपीकाकांची होती, चार वर्षांतली पाचवी.

"ताई, मलाही हे चार महिने कळलं नव्हतं, रोज उरायचं. माप ज्याचं त्याचं घ्यावं लागतं. तुमची मूठ घ्या. एक, भरून."

मावशींनी डब्यात हात घातला. मूठ भरून वर काढली. ती खूप लहान दिसत होती. त्यांनी मोठं पातेलं परत फडताळात ठेवलं आणि लहान काढलं.