डावी भुवई

मामांचा हात हलका. तीस वर्षांत त्यांच्या वस्तऱ्याने कुणाला ओरखडा काढला नव्हता. केस कापायच्या नावानेच भोकाड पसरणारी पोरं त्यांच्या खुर्चीत पेंगायची. सगळा रस्ता त्यांना मामा म्हणायचा, कारण दुकानात पडीक असलेला सतरा वर्षांचा भाचा तसं म्हणायचा. तो आणि त्याची आई वरच्या खोलीत मामांजवळच राहत.

आरशाशेजारी भाच्याने एका रॅपरचं पोस्टर चिकटवलं. रोखून बघणारा चेहरा, डाव्या भुवईत तिरकी चीर. त्याचं एक गाणं दिवसभर वाजायचं. डावी चीर आपली. उजवी पुलापलीकडच्यांची. उजवी दिसली की संपव. ही ओळ आली की बाकावरची पोरं एकदम मांडीवर मूठ आपटायची. मामांना आधी हसू यायचं. मग एकदा लक्षात आलं, त्या ओळीआधी त्यांचा वस्तराही थांबतो.

भुवईचे केस भादरून तशीच चीर पाडून घ्यायला बाकावरचं एकेक पोर खुर्चीत बसू लागलं.

"मामा, डावीच हां. चुकलात तर माझं काही खरं नाही."

"मग चुकतोच. तेवढीच एक कटकट कमी."

पण चेष्टा चेष्टेच्या जागी. चीर पाडण्याआधी मामा भुवईला बोट लावून विचारत, "हीच ना?"

"दादा, माझ्या पोराच्या भुवईला हात लावलास तर बघ," बहिणीने बजावलं होतं.

"अगं, केस आहेत. महिन्यात भरतात."

एका दुपारी भाचा खुर्चीत बसलाच. पुलावर सगळे जमणार होते. त्याने कानात इअरफोन घातले, डोळे मिटले. घरचंच पोर, त्याला काय विचारायचं? मामांनी पोस्टरकडे पाहिलं, आरशाकडे पाहिलं, चीर पाडली. दोन्ही चेहरे शेजारी शेजारी, हुबेहूब. भाच्यानेही आरशात पाहिलं आणि खूश होऊन पळाला.

बाकावरच्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने पेपर खाली केला. "मामा, भाचा पलीकडच्यांत कधी गेला?"

"म्हणजे?"

"उजव्या भुवईला चीर आहे की त्याच्या."

मामांनी आरशात बघून स्वतःच्या भुवईला बोट लावलं. मग पोस्टर पाहिलं. चित्रातल्याची डावी, आरशातल्याची उजवी. ते वस्तऱ्यासकट धावले.

पुलावर वीसेक पोरं होती. सगळ्या भुवया मामांच्याच हातच्या. भाचा खाली पडला होता. एकाचा गुडघा त्याच्या छातीवर, हातात दगड.

"अरे, मी आहे मी!" भाचा ओरडत होता.

काल एकाच बाकावर बसलेली पोरं. कुणी त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हतं. फक्त भुवईकडे.

"माझी चूक आहे रे! आरशात बघून केली मी!"

कुणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मामांना त्याचीच भीती वाटली. कठड्यावर कुणाचा तरी मोबाइल वाजत होता आणि पोरं ओळीची वाट बघत होती. ती कधी येणार, हे मामांना तोंडपाठ होतं. ते गुडघ्यांवर बसले. वस्तरा एकदा फिरला, उजवी भुवई गेली. पुन्हा फिरला, डावीही गेली.

ओळ आली. दगड उचललेलाच राहिला. ओळ गेली.

पोरं झोपेतून उठल्यासारखी पांगली. दगडवाला जाता जाता म्हणाला, "येतो मामा."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा भिंतीकडे तोंड करून पडून होता. बिनभुवयांच्या त्या चेहऱ्यावर ना राग कळत होता, ना भीती. बहीण दादाशी बोलत नव्हती. मामांनी खाली येऊन पोस्टर फाडलं, स्पीकरची वायर काढली.

तीन पोरं आली. एक खुर्चीत बसला, दोघं बाकावर.

"मामा, भाच्यासारखं करा. दोन्ही उडवा."

"भुवया बंद. केस कापायचे असतील तर बस."

"बरं. केस तर केस."

मामा मानेवरून वस्तरा फिरवू लागले. दुकानात चिडीचूप. मध्येच त्यांचा हात आपोआप थांबला.

तीन मुठी एकदम मांडीवर आपटल्या.