आईचा गुडघा

मी कॉलेजला जायचं सोडलं तेव्हा भांडणबिंडण काही झालं नव्हतं. नापासही झाले नव्हते. एका सकाळी उठावंसं वाटलं नाही, मग दुसऱ्या सकाळीही वाटलं नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मखमलाबादला आमचा झेंडूचा मळा. सगळं घर पहाटे फुलं तोडायला जायचं आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे. दुःख होतं म्हणावं तर तेही नाही. काहीच नव्हतं. आमटी अळणी झालीय की खारट, हेसुद्धा कळायचं नाही.

वडील सरळ माणूस. म्हणाले, "कालेज नको ना? मग स्थळ बघू. आडगावचा पोरगा हाय, द्राक्षाची बाग हाय." मी म्हटलं, "बरं." उद्या अमेरिकेला जा म्हणाले असते तरी मी बरंच म्हटलं असतं. आई मात्र त्या 'बरं'ला घाबरली. ही अशीच सासरी जाऊन पडली तर तिथं हिला कोण उठवणार, एवढंच तिच्या डोक्यात.

सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिला गंगापूर रोडवरच्या एका समुपदेशक बाईंचा पत्ता दिला. औषध नाही, नुसतं बोलायचं. पण आमच्याकडे 'डोक्याच्या डॉक्टरकडे' जाणं म्हणजे झालंच की! संध्याकाळपर्यंत गावभर बोभाटा. वडिलांनाही सांगायची सोय नव्हती. म्हणून आईने स्वतःचा गुडघा पुढे केला. दर गुरुवारी ती दारातून लंगडत निघायची, मी तिला धरून. बस सुटली की पाय मस्त लांब करून बसायची. भावकीतल्या बायका निरगुडीचा पाला आणून द्यायच्या. वडील रोज तेल कोमट करून तिचा धडधाकट गुडघा चोळायचे, आणि ही चक्क कण्हायची!

त्या बाईंसमोर मी गप्प बसायचे.

"आज कसं वाटतंय?"

"काही नाही."

त्या रागावायच्या नाहीत, समजूतही घालायच्या नाहीत. पंख्याचा आवाज ऐकत आम्ही दोघी बसून राहायचो. वेळ संपली की म्हणायच्या, "पुढच्या गुरुवारी ये. हा तास तुझा आहे." आई बाहेर बाकावर. असे किती गुरुवार गेले कोण जाणे. तिकडे आडगावकरांचा निरोप आला, दसरा झाला की पोरगी बघायला येतो.

मग एका गुरुवारी मी उठलेच नाही. आईने ओढलं, हात जोडले, मी ढिम्म. दारात चुलत्यांची गाडी उभी, खास गुडघ्यासाठी थांबवलेली. आता नाही कसं म्हणणार? ती एकटीच गेली.

संध्याकाळी आली ती डोळे सुजवून. माझ्या खाटेवर बसली. "बाईंनी मलाच आत बोलावलं गं. म्हणाल्या, तुम्ही कशा आहात? असं मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मग मी बोलतच सुटले. तासभर."

"तासभर?"

"हां. लय मोकळं वाटलं बघ."

माझं डोकंच फिरलं. "तो माझा तास होता! तू कोण तिथं बोलणारी? मला बोलायचं होतं त्यांच्याशी!" उशी भिरकावली, कानशिलं तापली होती. मला बोलायचं होतं, हे मलाही तेव्हाच कळत होतं. आईचा असा राग आला होता की बस्स.

ती आधी दचकली. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "ओरड," म्हणाली. "ओरड माझी बाय, अजून ओरड." डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि बया हसतेय!

आवाज ऐकून वडील अंगणातून आत आले. "काय झालं? गुडघा लय दुखतोय का?"

"माझ्या गुडघ्याला काय धाड भरलीय? कायबी झालेलं नाय त्याला," आई म्हणाली. "पोरीलाच बरं नव्हतं, तिलाच नेत होते मी दर गुरुवारी. आता त्या आडगाववाल्यांना नको म्हणून कळवा."

वडिलांना काही उमजेना. "अगं पण झालं तरी काय?"

"अहो, पोरगी भांडली माझ्याशी!"