झटकेवालीचं कुंपण

नवरा गेला त्या वर्षी तिच्या दोन गायी चोरीला गेल्या. तिने कुणापुढे रडगाणं गायलं नाही. तारेत वीज सोडणारं झटका मशीन आणलं, चराऊ रानाभोवती स्वतः तारा ओढल्या, आणि तेव्हापासून लोक तिला झटकेवाली म्हणू लागले. तोंडाचा झटका आधीपासूनच होता.

म्हणून दिराने परस्पर होकार देऊन तेल शोधणाऱ्या कंपनीची माणसं तिच्या रानात आणली, तेव्हा ती फाटकातच आडवी उभी राहिली.

"सुरुंग लावणार?"

"छे हो, ताई," त्यांचा साहेब म्हणाला. "जमिनीत आम्ही काहीच सोडत नाही. दूर कुठं विजा चमकतात, सूर्याकडून लहरी येतात, त्यांचा करंट जमिनीतून आपोआप वाहत असतो. आम्ही तो फक्त ऐकतो. खालचा खडक कसा आहे, तेल-वायू असेल का, याचा अंदाज येतो."

"फुकटचा करंट? मग मला बिल कशाचं येतं?"

साहेब हसला. माणसांनी चार टोकांना मातीची भांडी पुरली, तारा अंथरल्या, नळीसारखं एक वेटोळं खड्ड्यात निजवलं. जाताना साहेब म्हणाला, "उद्यापर्यंत तेवढं कुंपण बंद ठेवा."

इथंच तिच्या मनात पाल चुकचुकली. ऐकायला आलेल्यांना कुंपण कशाला बंद हवं? तिने त्यांच्यादेखत बटण बंद केलं आणि गाडी वळणाआड जाताच चालू केलं.

दुसऱ्या दिवशी साहेबाने यंत्राचा पडदा तिच्यासमोर धरला. रेघेवर एकसारखे काटे उठले होते. "ताई, हे तुमचं कुंपण बोलतंय. खडकाचं काही ऐकूच येत नाही."

"वहिनी, शोभतं का हे?" दीर चिडला.

"थांबा, भाऊजी." ती साहेबाकडे वळली. "खाली काय आहे ते मला सांगणार?"

"अहवाल कंपनीकडे जातो."

"आणि सापडलं, तर माझ्या गायी कुठं चरणार?"

साहेब तार गुंडाळू लागला.

"मग कुंपण चालूच राहील."

त्यांनी बिऱ्हाड उचलून बांधापलीकडे दिराच्या रानात मांडलं. त्याने हौसेने खड्डेसुद्धा खणून दिले. पण काटे तिथंही उठले. भावाभावांनी वरची जमीन वाटून घेतली होती. झटक्याला त्या वाटणीचा पत्ता नव्हता.

संध्याकाळी दीर तिच्या ओट्यावर येऊन टेकला. ती भांडणाच्या तयारीतच होती.

"झटका माझ्या रानातही येतोय, वहिनी. साहेब म्हणतो, बंद करायला सांगा."

"मग सांगा की."

तो चपलेची माती काढत बसला. "मी विचारलं त्याला. म्हटलं, माझ्या रानात काय निघालं ते मला तरी सांगाल ना?"

"काय म्हणाला?"

"तार गुंडाळायला लागला."

तिने उठून बटणावर बोट ठेवलं. "बोला, भाऊजी. बंद करू?"

"राहू द्या."