तोंडी परीक्षेतला माझा आवाज

संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाची मृणाल फंक्शनल प्रोग्रॅमिंगच्या तोंडी परीक्षेला माझ्यासमोर बसली होती. मी विचारलं, "रिकर्शन म्हणजे काय?"

"फंक्शन स्वतःलाच हाक मारतं," ती म्हणाली, "आणि दर हाकेला काम थोडं... लहान होतं." बोलताना ती एकेक बोट मिटत होती. वर्गात मी अशीच बोटं मिटतो. 'थोडं'नंतर असाच थांबतो. सकाळपासून येऊन गेलेल्या सगळ्या मुलांनी हेच वाक्य याच सुरात म्हटलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"आणि ते थांबतं कधी?"

"ते तुम्ही सांगितलं नव्हतं, सर."

खरंच होतं. रिकर्शन कुठे थांबवायचं, तो तास मी घाईत उरकला होता. समोरच्या गुण देण्याच्या तक्त्यात छापलं होतं, 'विद्यार्थ्याला रिकर्शन स्वतःच्या शब्दांत समजावता येते.' सत्रभर मी शिकवत होतो, की या मुलांमध्ये स्वतःच्या प्रती काढत होतो?

"उद्या पुन्हा ये," मी म्हणालो. "माझं एकही वाक्य न वापरता सांग."

ती दारापर्यंत गेली आणि वळली. तिला खरोखरच प्रश्न पडला होता.

"मग कोणाचं वापरू, सर?"