कमरेला बांधलेली होडी

मामांनी दुकानातली फीत घेऊन माझी कंबर मोजली, तेव्हा मला वाटलं, विजार शिवायची असेल. मी नुकताच इंटर पास झालो होतो आणि नोकरी बघायला जाताना अंगावर एक तरी धड विजार हवी, असं आई म्हणत होती. पण मामांनी मांडीही मोजली. मग मला जमिनीवर पाय पसरून बसवलं आणि पाठीपासून तळपायापर्यंत फीत लावली. "बसेल," ते मामींना म्हणाले. काय बसेल, ते मला संध्याकाळी कळलं.

वडील गेल्यावर आई मला घेऊन कुंभकोणमला मामांकडे आली, त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मामांचं रेशमी लुगड्यांचं दुकान होतं. माल तिरुभुवनमच्या विणकरांकडून यायचा. मामा-मामींना मूल नव्हतं. माझं शिक्षण, कपडालत्ता, आजारपण सगळं मामांनी केलं आणि ते कधी बोलून दाखवलं नाही. ते बोलून दाखवत नसत, म्हणून आईला ते जास्तच आठवायचं.

दुकानात निलगिरीकडचा एक चहामळेवाला साहेब बायकोसाठी लुगडी न्यायला यायचा. तो आता कायमचा मायदेशी चालला होता. जाताना त्यानं आपल्या दोन होड्या मामांना दिल्या. होड्या म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि त्यावर चढवायचं रबर लावलेलं जाड कापड. दोन्ही मोडून पिशव्यांत भरून आल्या होत्या. साहेब त्यांना कयाक म्हणायचा. डोंगरातल्या नदीवर मळेवाल्यांची दर पावसाळ्यात शर्यत होई, खडकांतून उड्या घेत उतरणाऱ्या फेसाळ पाण्यातली. मामांनी साहेबाकडे शब्द टाकून त्या शर्यतीत माझं नाव घातलं होतं. मला विचारलं नव्हतं. विचारायचं असतं, हे त्यांच्या मनातही आलं नसावं.

मागल्या अंगणात आम्ही होड्या जोडल्या. एक लांब आणि काटकुळी, टोकं सुरीसारखी. तिचं तोंड, म्हणजे माणसानं आत शिरायची जागा, एवढी अरुंद की तांदळाचं पोतंही गेलं नसतं. दुसरी आखूड, तळाला जरा गोलसर, दोन्ही टोकं वर उचललेली, आणि तोंड ऐसपैस. मामा दोन्हींभोवती फिरत राहिले. लांब होडी सरळ पळते, आखूड होडी पटकन वळते, असं साहेबानं त्यांना सांगितलं होतं. आता शर्यत म्हटल्यावर पळणारी घ्यायची की वळणारी, हा प्रश्न त्यांनी दुकानात गिऱ्हाइकांनाही विचारायला सुरुवात केली. लग्नाचं लुगडं बघायला आलेली माणसं बिचारी काय सांगणार?

नदीला पाणी आल्यावर आम्ही दोन्ही होड्या घरामागच्या पायऱ्यांवरून कावेरीत सोडल्या. मी पोहण्यात चांगला होतो. पाण्याची भीती मला कधी वाटली नव्हती. आखूड होडीत बसलो, दोन पात्यांचं वल्हं मारलं, तर ती भोवऱ्यासारखी जागच्या जागी फिरली आणि पायऱ्यांवर धुणं धूत असलेल्या बायका हसल्या. मीही हसलो. मग लांब होडीत बसलो. आत शिरतानाच गुडघे वरच्या फळीला घासले. कंबर दोन्हीकडून आवळली गेली. होडी सुंदर पळाली, हे खरं. पण मला पाय हलवता येत नव्हते, आणि कुणी तरी मला दोन्ही हातांनी खाली धरून ठेवलंय असं सारखं वाटत होतं. काठाला लागल्यावर मी मामांना म्हटलं की आखूड बरी. खडकांमध्ये वळता आलं पाहिजे, नुसतं पळून काय करायचं? माझं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण मामा माझ्याकडे न बघता लांब होडीच्या कापडावरून हात फिरवत होते.

"ही तुझ्याच मापाची आहे," ते म्हणाले. निवड झाली.

मग सरंजाम जमवणं सुरू झालं. नागपट्टणमहून जुन्या जहाजावरचं बुचाचं जाकीट आलं. ते घातलं की हनुवटी वर व्हायची आणि मान वळायची नाही. डोक्यासाठी मामांनी भांडी घडवणाऱ्या ओळखीच्या कारागिराकडून पितळेचा टोप करून घेतला. तो डोक्यावर ठेवल्यावर मामी म्हणाल्या, आता यात फक्त नारळ ठेवायचा राहिला. टोप फार जड निघाला. मग चामड्याचा, आत कापूस भरलेला शिवून घेतला. वल्ह्याची लांबी, ते उभं ठेवून मी हात वर केला तर बोटं त्याच्या टोकावर वळवता येतील, एवढी ठरली. एका सुताराकडून तसंच दुसरंही करवलं, पहिलं मोडलं तर असावं म्हणून. संध्याकाळी दुकान बंद झालं की एकेक वस्तू माझ्या अंगावर चढायची आणि मामा दोन पावलं मागे सरून बघायचे. तेवढ्यापुरता त्यांचा चेहरा तरुण दिसायचा.

शेवटी झाकण आलं. लाटांचं पाणी होडीत शिरू नये म्हणून मेणकापडाचं झाकण असतं. त्याची कड होडीच्या तोंडाभोवती घट्ट बसवायची आणि वरचा गळा माणसाच्या कमरेला नाडीनं आवळायचा. साहेबाचं झाकण फाटलेलं होतं म्हणून मामांनी शिंप्याकडून नवं शिवून घेतलं. अंगणात, कोरड्या जमिनीवर, त्यांनी मला लांब होडीत बसवलं आणि स्वतःच्या हातांनी नाडी आवळली. गाठ बसली आणि माझा श्वास अडकला. छातीत नाही, त्याहून खाली कुठे तरी. समोर तुळशीवृंदावन, दोरीवर वाळत घातलेली धोतरं, स्वयंपाकघराच्या दारात आई. सगळं नेहमीचं होतं आणि मला ओरडावंसं वाटत होतं. मामा विचारत होते, घट्ट होतंय का? मी म्हटलं, नाही.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर मी आईला सांगितलं की मला हे नको आहे. ती पितळी ताट घासत होती. घासता घासता तिनं सगळं ऐकून घेतलं. तंजावरकडची आमची मराठी तिच्या तोंडी अगदी जुन्या वळणाची होती.

"अण्णास नाहीं म्हणूं नको," ती म्हणाली. मामांना ती अण्णा म्हणायची. "आपण त्याचे घरीं आहों."

"आणि मी बुडलो तर?"

ताट स्वच्छ झालं होतं तरी ती घासत राहिली. मला तिचा राग आला आणि लगेच कीवही आली. आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता. मामींकडून मात्र मला एक गोष्ट कळली. मामा विशीत असताना जहाजावर काम मिळवायला नागपट्टणमला पळून गेले होते. आजोबांनी माणसं पाठवून त्यांना परत आणलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानाच्या गादीवर बसवलं. "तेव्हापासून उठलेले नाहीत," मामी म्हणाल्या. आता त्यांचं पोट सुटलं होतं, गुडघे दुखत होते. लांब होडीत ते मावणं शक्य नव्हतं. मी मावत होतो.

कावेरीचं पाणी संथ. त्यात सराव तो कसला? आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणात, कोळ्ळिडम् नदीला पूर आला, तसे मामांनी बैलगाडीवर होडी बांधली आणि आम्ही चोळपुरमवरून उत्तरेला धरणाकडे गेलो. धरणाची काही दारं उघडली होती. खाली दगडी फरशीवर पाणी आपटून उसळत होतं आणि पुढे बऱ्याच अंतरापर्यंत लाटा उभ्या राहत होत्या. आवाज इतका की बोलणं ऐकू येत नव्हतं. मी मामांना हातानं दाखवलं की बरंच खालून सुरुवात करू. त्यांनी मान डोलावली आणि नाडीची गाठ दोनदा ओढून बघितली.

पहिल्या दोन-तीन लाटा मी बऱ्या पार केल्या. होडीचं नाक वर जायचं, मग खाली, आणि तोंडावर पाणी. क्षणभर मला आवडलंही, ते खोटं का सांगू? मग बाजूनं एक लाट आली, लांब होडी वळली नाही, आणि मी उलटा झालो.

उलटं म्हणजे डोकं खाली, होडी वर, आणि कमरेला गाठ. पाणी तपकिरी होतं; डोळे उघडून काही दिसेना. मी पोहणारा माणूस, हातांनी पाणी मारत होतो, आणि त्या मारण्यानं काहीच होत नव्हतं. जाकिटातली बुचं मला वर लोटत होती आणि वर म्हणजे होडीचीच पोकळी. नाडी शोधली तर ती भिजून दगडासारखी झालेली. गुडघे फळीखाली अडकलेले. मी झाकणाची कड ओढली, ती सुटेना, ओढत राहिलो. एका बाजूचा टाका उसवला. तेवढ्या फटीतून मी कसा निघालो ते मला आजही सांगता येत नाही. मांडीची साल निघाली होती, ती नंतर दिसली.

वर आलो तेव्हा मामा धोतरासकट छातीभर पाण्यात उभे होते. त्यांनी माझं जाकीट धरून मला काठाला ओढलं. मी ओकलो, मग पडून राहिलो. ते होडीकडे गेले, ती काठाला लागली होती. झाकण हातात घेऊन, उसवलेली शिवण बोटांनी चाचपत परत आले.

"इथे दुहेरी टाका घालायला सांगितलं पाहिजे," ते म्हणाले.

मी उठून बसलो. "मामा, तो टाका उसवला म्हणून मी वर आलो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण ऐकल्यासारखं दिसलं नाही. तेव्हा मी म्हटलं, "मी आता या होडीत बसणार नाही." आयुष्यात मी त्यांना नाही म्हटलं ते तेव्हाच. परतीच्या वाटेवर गाडीत आम्ही होडीच्या दोन बाजूंना बसलो होतो.

पुढचे काही दिवस मामा जेवायला बसले की आई ताट वाढून आत निघून जायची. आपल्याला आता इथून जावं लागणार, असं तिनं धरलंच होतं. आमची जुनी ट्रंक तिनं पुसूनही ठेवली. मामांनी मात्र झाकण शिंप्याकडे पाठवून दुहेरी टाका घालून आणलं.

एका सकाळी त्यांनी मला अंगणात बोलावलं. लांब होडी जोडलेली होती. "यात भिण्यासारखं काय आहे ते मी तुला दाखवतो," ते म्हणाले आणि आत पाय घातले. मामी नको नको म्हणत होत्या. मामा दम रोखून, पोट आत घेऊन, तसूतसूनं खाली सरकले. कसे तरी बसले. मग म्हणाले, "बांध." मी नाडी बांधली. झाकणाची कड बसवली. ते हसले, वल्हं हातात घेतलं, हवेत दोनदा मारलं. आणि उठायला गेले.

उठता येईना. पुन्हा जोर केला. होडी खडखडली, ते आतच. गाठ सोडायला हात खाली नेले तर पोटाखाली नाडी सापडेना. मी पुढे झालो तसा त्यांनी हात वर करून मला थांबवलं. स्वतःच सुटायचं होतं त्यांना. त्यांच्या कपाळावर घाम आला. हळूहळू चेहऱ्याचा रंग उतरला, आणि ते श्वास भराभर घेऊ लागले. माझ्या ओळखीचा श्वास होता तो.

"काप," ते म्हणाले.

मामींनी सुरी आणली. मी नाडी कापली, झाकण टराटरा फाडलं, आणि आम्ही दोघांनी काखेत हात घालून त्यांना बाहेर काढलं. ते तिथेच जमिनीवर बसून राहिले. मग त्यांनी विचारलं, "पाण्याखाली असंच होतं?"

"असंच, आणि शिवाय भोवती पाणी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. शर्यतीचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही. लांब होडी मोडून पिशवीत गेली. आईनं ट्रंक परत माळ्यावर टाकली.

आखूड होडी मात्र मामांनी ठेवली. सुताराकडून तिचं तोंड अजून रुंद करून घेतलं. झाकण नाही, जाकीट नाही, काही नाही. कावेरीला पाणी असेतो ते रोज सकाळी पायऱ्यांवरून तिच्यात बसायचे आणि पुलापर्यंत जाऊन यायचे. सुरुवातीला गोल गोल फिरायचे, पण शिकले. कधी तासाभरात परतायचे, कधी ऊन चढेपर्यंत येतच नसत. अशा वेळी दुकान उघडायला कुणी तरी हवं म्हणून मामी किल्ल्या माझ्याकडे द्यायच्या. तात्पुरतंच होतं ते. नोकरीची दोन बोलावणी आली, तेव्हा मामा म्हणाले, हंगाम संपला की जा. आई म्हणाली, आतां कसें नाहीं म्हणावें?

हंगाम संपला, दुसरा लागला. मी गादीवर मांडी घालून बसायला शिकलो. तिरुभुवनमचा माल कसा उलगडायचा, काठ उजेडाकडे कसा धरायचा, नवरीच्या आईशी आधी बोलायचं की मावशीशी, हे सगळं मला येऊ लागलं. एकदा सकाळी गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना मामा ओल्या धोतरानं दुकानाच्या दारातून डोकावले, केसांतून पाणी ठिबकत होतं, आणि सगळं ठीक आहे ना, असं खुणेनं विचारून घरी गेले. किती आनंदात दिसले ते! मी मान डोलावली आणि पुढचं लुगडं उलगडलं.