भावोजींनी उघडलेला चौथा माइक

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतात. तीस वर्षांत कुणाची डावी काच उजवीकडे गेलेली नाही, हे ते न विचारता सांगतात. घरी आले की मात्र हा माणूस धडधाकट वस्तू उघडत सुटतो. मिक्सर झाला, इस्त्री झाली, मग पाळी आली माइकची.

त्याला कारण होती ताई. बावीस वर्षं तिने दवाखान्याच्या खिडकीतून लोकांचे नंबर पुकारले. आता तिला बोलक्या पुस्तकांसाठी गोष्टी वाचायच्या होत्या. तिने स्वतःसाठी काही मागितलेलं मी एवढं एकच पाहिलंय. पुस्तकं काढणाऱ्या कंपनीला नमुना पाठवला तर उत्तर आलं, "आवाज छान आहे, पण मागे सूंऽऽ ऐकू येतं. शुक्रवारी पाचपर्यंत पुन्हा पाठवा. ही शेवटची संधी."

"चांगला माइक आणा की," मी म्हटलं.

"अगं वेडे, चांगला आणि स्वस्त यात फरक फक्त आतल्या चार कपॅसिटरचा असतो," भावोजी म्हणाले आणि चार स्वस्त माइक घेऊन आले.

पहिला सोल्डरिंग करताना जळाला. या माइकच्या पोटात नाण्याएवढा सोनेरी पडदा असतो, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. दुसऱ्याच्या पडद्यावर भावोजी शिंकले. तिसऱ्याचा स्क्रू हरवला. तो शोधायला आम्ही तिघं फरशीवर पालथे पडलो. स्क्रू सापडला भावोजींच्या भुवईत, तोवर माइकवर ताईचा गुडघा पडला होता.

शुक्रवारी दुपारी चौथा उघडला. भावोजींनी नाकाला फडकं बांधलं, पंखा बंद केला, मी जोरात श्वास घेतला तरी डोळे वटारले. आतली जादा जाळी काढली, कपॅसिटर बदलले, पडदा पुन्हा बसवला. ताईचा जीव टांगणीला लागलेला आणि हे आपले शीळ घालतायत! मला तर तो पेचकस हिसकावून घ्यावासा वाटत होता.

ताई माइकसमोर बसली, माइकच्या पलीकडे भावोजी. तिने दोन पानं वाचली आणि हेडफोन लावला. तिचा चेहरा पडला.

"मी काय शेजारच्या घरात बसून वाचलं का?"

मीही ऐकलं. ताईचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा. आणि अगदी कानाशी, स्वच्छ, भावोजींचं पुटपुटणं : "सावकाश... हां... काय गोड वाचते ही! हिला नाही घेतलं तर ते लेकाचे बहिरे!"

असा माइक एकाच बाजूचं नीट ऐकतो. डावी-उजवी काच कधी न चुकवणाऱ्या या गृहस्थांनी पडदाच उलटा बसवला होता. चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

"दहा मिनिटांत उघडून सरळ करतो," भावोजींनी पेचकस उचलला.

"हात लावाल तर बघा!" ताईने अख्खा माइकच स्टँडवर उलटा फिरवला. झालं काम.

भावोजी खाली मान घालून दाराकडे निघाले.

"अहो, कुठे चाललात? समोर बसा," ताई म्हणाली. "लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, असलं एकदा तरी बोललात का तोंडावर? आता बोला. तुमच्या बाजूने हा बहिरा आहे, मी नाही."

बोला म्हटल्यावर हा बडबड्या नेमका मुका झाला. कान लालबुंद. दुसऱ्या पानावर कुठे हळूच म्हणाले, "छान." ताई वाचता वाचता हसली. मला उगाचच भरून आलं, आणि नाक ओढायचीही चोरी.

पाचला चार मिनिटं असताना नमुना गेला. सोमवारी उत्तर आलं : "काम तुम्हाला देत आहोत. वाचताना मध्येच आवाजात जे हसू येतं, ते तसंच राहू द्या."

भावोजी आता दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतात की, ते हसू कपॅसिटर बदलल्यामुळे आलं.