तिसरा शब्द

आमच्या वस्तीवर म्हाताऱ्यांना तपासायला एक सिस्टरबाई येती. ऐकू कमी येणाऱ्याच्याबी कानाशी ती ओरडत न्हाई. समोर बसून सावकाश बोलती. परवा माझं पोरगं तिला म्हणलं, "बाबा लय विसरून राह्यले. बागंत एकटं जाऊ नका म्हणावं." मोसंबीचं एकेक झाड माझ्या हातचं, अन् मीच जाऊ नको!

बाई म्हणली, "बाबा, तीन शब्द ध्यानात ठेवा. विळा, घागर, चिंच." मंग मला अंगणात चालवून आणलं अन् विचारलं. दोन बराबर सांगितले, तिसरा येईना. पोरगं सांगाया लागलं, तर तिनं त्याला हातानं गप केलं अन् निवांत बसून राह्यली. तिचा चहा गार झाला.

"चिंच!" मी ओरडलो.

"उशिरा आठवणं हे वय झालं, आजार नाही. खुशाल जाऊ द्या," ती पोराला म्हणली.

मी ऐटीत बागंकडं निघालो. चष्मा खाटंवरच राह्यल्ता. बाईनं तो ओढणीखाली झाकून फाटकापाशी आणून दिला.